पॉइंट टू-टू : एका निवडीचा इतिहास

पांढुर्णा आणि सौसर भागातील जुन्या मराठी वाड्यांत बैठकीच्या भिंतीवर, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, एका ओळीत ठोकलेल्या दोन सागवानी खुंट्या अजूनही काही ठिकाणी दिसतात. अंगरखा किंवा पागोटे अडकवण्यासाठी त्या नव्हत्या. तेवढ्यासाठी एक खुंटी पुरते. त्या जोडखुंट्यांवर बंदूक आडवी ठेवलेली असे. आमच्या घरीही अशी जोडखुंटी आहे. आमच्या आजोबांची दोनाळी बारा बोअर बंदूक तेथे असे. ती आता घरात नाही. सध्या त्या खुंट्यांवर आमची छत्री विसावलेली असते.

गेल्या दिवाळीत नागपुरास महाविद्यालयात शिकणारी आमची नात घरी आली, तेव्हा त्या खुंट्यांकडे पाहत तिने विचारले, “आजोबा, मला नेमबाजीसाठी पॉइंट टू-टू रायफल घ्यायची आहे. कोणती घ्यावी?” एन.सी.सी.च्या शिबिरात तिने ही रायफल प्रथम हाती घेतली होती आणि तेव्हापासून तिचे मन तेथेच गुंतले होते. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य घालवले. त्यांतील काही वर्षे शस्त्रपरवान्यांच्या नस्त्या रोज आमच्या मेजावरून जात. तरीही तिच्या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. बंदूक कोणास द्यावी याचा विचार आम्ही पुष्कळ केला होता. ती कशी निवडावी, हे आम्हांस कधी कोणी विचारले नव्हते. पुढे काही महिने आम्ही या विषयाचे वाचन केले, जाणकारांस भेटलो, आणि लक्षात आले की या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे व त्याचा एक धागा आपल्या या जोडखुंट्यांपर्यंत येऊन पोहोचतो. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्यापैकी अनेक घराणी नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत या मुलखात स्थिरावली. अठराव्या शतकाच्या मध्यास देवगडच्या गोंड राज्याचा कारभार रघूजी भोसल्यांच्या हाती गेला आणि सातपुड्याच्या पायथ्याचा हा काळ्या मातीचा पट्टा नागपूरशी जोडला गेला. त्या काळी तोड्याची बंदूक ही शिपाईगिरीची वस्तू होती. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. दरम्यान १८५७ चा उठाव होऊन गेला होता. त्या उठावाची एक ठिणगी नव्या एनफील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांतून उडाली, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. इंग्रजांनीही त्यातून आपला धडा घेतला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हाती परवान्यावाचून शस्त्र राहू नये अशी व्यवस्था केली.

या कायद्याचा एक परिणाम सूक्ष्म होता. बंदूक दुर्मीळ झाली आणि म्हणून ती प्रतिष्ठेची झाली. परवाना मिळणे म्हणजे सरकारच्या विश्वासास पात्र ठरणे. मालगुजाराच्या बैठकीतील बंदूक शिकारीस क्वचितच निघे. पण येणाऱ्या-जाणाऱ्यास ती दिसे, आणि दिसणे हेच तिचे मुख्य काम होते. १९३१ साली कराची येथील काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता, यावरून ही बोच किती खोल होती हे कळते. अशा बंदुकीची निवड कशी होत असे? बोअर मोठा हवा, आवाज मोठा हवा, विलायती छाप हवा. आमच्या आजोबांची बंदूक त्यांच्या खांद्यास बसते की नाही, हे कोणी पाहिल्याचे आम्हांस ठाऊक नाही. ते अंगाने लहानखुरे होते आणि ती बंदूक चांगलीच लांब होती.

१९५१ साली मालगुजारी संपली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारही संपली. बंदुकीची दोन्ही निमित्ते गेली, तरी ती खुंटीवर राहिली. दर निवडणुकीत ती ठाण्यात जमा करावयाची, निकालानंतर सोडवून आणावयाची, मुदत संपली की परवान्याचे नूतनीकरण करावयाचे, एवढेच काम उरले. शेवटी आमच्या वडिलांनी ती नागपुरातील परवानाधारक विक्रेत्यास देऊन टाकली. आलेली रक्कम इतकी थोडी होती की, त्यांनी ती आम्हांस कधी सांगितली नाही.

येथपर्यंतची हकीकत थोड्याफार फरकाने अनेक घरांची आहे. परंतु बंदुकीचे दुसरे एक कुळ आहे, आणि नातीने विचारलेली रायफल त्या कुळातली आहे.

१८४५ च्या सुमारास फ्रान्समधील लुई निकोलस फ्लोबेर या कारागिराने एक चिमुकले काडतूस तयार केले. दिवाणखान्यात करमणुकीसाठी नेम धरता यावा, एवढाच त्याचा हेतू होता. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे काडतुसांवरून रान पेटले त्याच वर्षी, अमेरिकेतील स्मिथ आणि वेसन यांनी .२२ चे आखूड काडतूस बाजारात आणले. १८८७ साली तेथीलच स्टीव्हन्स कंपनीने ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस काढले. आज जगभर नेमबाजीच्या आखाड्यात वापरतात ते हेच. त्यातील गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलीमीटर आणि वजन सुमारे २.६ ग्रॅम असते. या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि रायफलीची सुई त्या कडेवर आघात करते. म्हणून त्यास ‘रिमफायर’ म्हणतात. कड पातळ ठेवावी लागत असल्याने या काडतुसात मोठा दाब पेलत नाही. त्यामुळे त्याची शक्ती बेताची, धक्का जवळजवळ नाही आणि खर्च कमी. युद्धास ते निरुपयोगी ठरले, आणि त्याच कारणाने सरावास उत्तम ठरले.

या गुणाचे मोल कळण्यास एक युद्ध व्हावे लागले. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी आपल्या माउझर रायफलींच्या अचूक नेमाने ब्रिटिश फौजांस जेरीस आणले. साम्राज्याच्या सैनिकांस कवायत येते, नेम येत नाही, असे तेव्हा उघडपणे बोलले गेले. हिंदुस्थानात एक्केचाळीस वर्षे काढलेले आणि येथील सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या प्रश्नात पुढाकार घेतला. १९०१ साली इंग्लंडात कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली. गिरणीतील आणि खाणीतील माणसास मोठी रायफल आणि मोठे मैदान परवडत नसे; .२२ ची रायफल आणि पंचवीस यार्डांची जागा त्यास पुरत असे. बंदूक प्रथमच गरिबाच्या सरावाची वस्तू झाली.

या युद्धात डॉक्टर म्हणून काम करून आलेल्या हिंदी माणसांत नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे होते. त्यांचा जन्म बिलासपूरचा, म्हणजे तेही आपल्यासारखेच मुलूख सोडून वसलेल्या मराठी घराण्यातले. पुढे १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी केली. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद होते आणि आहेत. येथे तो विषय नाही. पेशाने डॉक्टर असलेल्या माणसास तरुणांच्या सैनिकी शिक्षणाचा ध्यास लागावा, एवढेच नोंदवावयाचे आहे.

ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धानंतर आपल्या ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्या .२२ च्या करून त्या सरावासाठी वापरल्या. बाहेरून तीच रायफल, तोच बोल्ट, तेच वजन. फक्त काडतूस लहान. १९४८ च्या कायद्याने एन.सी.सी. स्थापन झाली, तेव्हा हा वारसा तिच्याकडे आला. आमच्या पिढीतील पुष्कळांनी आयुष्यातील पहिली आणि बहुधा शेवटची गोळी अशाच रायफलीने, चांदमारीच्या मैदानावर पालथे पडून झाडली. आम्हांस तेव्हा पाच काडतुसे मिळाली होती. पाचांपैकी दोन लक्ष्यावर लागली. उरलेली तीन कोठे गेली, हे अद्याप गूढच आहे. त्या वेळी निवडीचा प्रश्नच नव्हता. रांगेत पुढे गेल्यावर हाती येईल ती रायफल आपली. ती उंच मुलासही तीच आणि ठेंगण्यासही तीच.

याच काळात आणखी एका मराठी माणसाने या खेळाचा पाया घातला. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील; त्यांचा जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. १९५१ साली भारताची राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरील पात्रता स्पर्धा अनेक वर्षे त्यांच्याच नावाने भरत आली आहे. सभागृहात शब्द तोलून-मापून वापरावयास लावणारा हा गृहस्थ नेमबाजीच्या संघटनेचा आद्य अध्यक्ष असावा, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

आता कायद्याकडे वळू, कारण येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे.

१९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात परवाना कोणकोणत्या प्रयोजनासाठी द्यावयाचा, ते सांगितले आहे. संरक्षण वा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांच्याबरोबर तेथे तिसरी गोष्ट स्पष्ट लिहिली आहे : केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबाच्या किंवा संघटनेच्या सभासदास लक्ष्यवेधाच्या सरावासाठी लागणारी पॉइंट २२ बोअरची रायफल किंवा हवाई रायफल. म्हणजे बोअरचे नाव घेऊन, सरावाचे कारण देऊन, कायद्याने तिचा वेगळा उल्लेख केला आहे. पुढे १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ तीनच बंदुका असाव्यात अशी मर्यादा आली आणि २०१९ मध्ये ती दोनांवर आणली गेली. परंतु मान्य क्लबाच्या सभासदाच्या सरावाच्या.२२ रायफलीस ही मर्यादा लागू नाही. राज्य बदलले, कायदे कडक होत गेले. या लहान रायफलीबद्दलचा विश्वास मात्र कायद्याने टिकवून ठेवला.

हे कलम आम्ही नोकरीच्या काळात वाचलेले होते. तरीही एका जिल्ह्याच्या ठिकाणी परवाना शाखेचे काम पाहत असताना आमच्याकडे एक तरुण शिक्षक आला. तो मराठीच निघाला. मोठ्या शहरातील मान्य रायफल क्लबाचे सभासदत्व त्याच्याजवळ होते आणि .२२ रायफलीसाठी त्याने रीतसर अर्ज केला होता. आमच्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत प्रयोजन म्हणून ‘आत्मसंरक्षण’ किंवा ‘पीकसंरक्षण’ हे दोनच शब्द असत. याच्या अर्जात ‘लक्ष्यवेधाचा सराव’ होते. आम्ही त्यास विचारले, “या रायफलीने तुमचे संरक्षण काय होणार?” तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “साहेब, संरक्षणासाठी नकोच आहे.” ते उत्तर आम्हांस उद्धटपणाचे वाटले. नस्तीवर ‘प्रयोजन समाधानकारक वाटत नाही’ असा शेरा आम्ही मारला. अर्ज फिरत राहिला. दोन वर्षांनी परवाना निघाला तेव्हा आमची बदली झालेली होती. पुढे कळले की तोवर त्याने खेळ सोडला होता. संरक्षणाच्या नावाने मागितलेल्या दहा बंदुकांस आम्ही फारसा विचार न करता अनुकूल मत दिले असेल, आणि ज्याचे कारण सर्वांत निर्मळ होते त्यासच अडविले. बंदूक म्हणजे दरारा, हा जोडखुंट्यांचा संस्कार आमच्या लेखणीत उतरला होता. नातीच्या प्रश्नाने हे सारे पुन्हा वर आले.

तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधणे आम्हांस आवश्यक वाटले. जाणकारांनी जे सांगितले, त्याचा मथितार्थ असा की ही रायफल जुन्या बंदुकीच्या बरोबर उलट्या कसोटीने निवडावी लागते.

पहिला प्रश्न, बोल्टच का? यंत्राने आपोआप भरणाऱ्या रायफलीही .२२ मध्ये मिळतात. एकेकाळी इंग्लंडातील क्लबांत बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची मार्टिनी पद्धतीची रायफल मानाची होती. तरीही विसाव्या शतकात अमेरिकेतील विंचेस्टरच्या ५२ क्रमांकाच्या रायफलीने आणि नंतर जर्मनीतील अंशुट्झने बोल्टचेच श्रेष्ठत्व सिद्ध केले. बोल्ट हाताने मागे ओढावा, एक काडतूस ठेवावे, बोल्ट पुढे सारून खाली वळवावा. काडतूस दर वेळी त्याच जागी, तितक्याच घट्टपणे बसते. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत सुईखेरीज दुसरा कोणताही भाग हलत नाही. शिवाय प्रत्येक गोळीमागे हाताने करावयाचे एक काम असल्याने नेमबाजास श्वास सावरण्यास अवसर मिळतो. घाई करणाऱ्यास हे यंत्र आपणहून आवरते.

दुसरी कसोटी अंगाची. रायफल माणसास बसली पाहिजे, माणूस रायफलीस नव्हे. डोळे मिटून ती खांद्यास लावावी, गाल दस्त्यावर सहज टेकवावा आणि मग डोळा उघडावा. मागच्या बारीक छिद्रातून पुढची कडी मधोमध दिसली, तर दस्ता योग्य. मान ताणावी लागली, तर ती रायफल कितीही नामांकित असो, आपली नव्हे. म्हणून चांगल्या रायफलीत खांद्याकडील पाटी आणि गालाचा टेकू मागेपुढे, वरखाली करता येतात. डावखुऱ्यासाठी डाव्या हाताचा बोल्ट मिळतो. वजनाचेही तसेच. जड रायफल स्थिर राहते हे खरे. आंतरराष्ट्रीय नियमांनी पुरुषांच्या ५० मीटर रायफलीस ८ किलोंपर्यंत मुभा दिली आहे. पण एवढे वजन उभ्याने वीस-वीस नेम धरेपर्यंत पेलावयाचे असते. ज्या हातांनी ते पेलावयाचे, त्यांनाच विचारून वजन ठरवावे.

तिसरी कसोटी चापाची. चाप हलका असण्यापेक्षा तो दर वेळी त्याच जागी, तितक्याच दाबाने सुटणे महत्त्वाचे.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वस्वी नवीन होती. नळी आणि काडतूस यांचे गोत्र जुळावे लागते. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांस दोन निरनिराळी काडतुसे मानवतात. एले, लापुआ, आर.डब्ल्यू.एस. या नामांकित छापांच्याही प्रत्येक घाण्याचा स्वभाव वेगळा असतो. म्हणून रायफल स्थिर टेकवून, एकेका घाण्याच्या दहा-दहा गोळ्या ५० मीटरवर झाडून, कोणत्या घाण्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात ते पाहावे. सरावाच्या काडतुसाचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी राखलेला असतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. ५० मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलीमीटरचे, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढे असते. तेथे एवढ्याशा डळमळण्याचाही हिशेब लागतो.

पाचवी गोष्ट, जुनी रायफल घेण्यास हरकत नाही. आपल्या देशात खासगी आयातीवर १९८० नंतरच्या दशकात बंधने आली. नामांकित नेमबाजांस सवलत राहिली. इतरांस ईशापूरच्या कारखान्याची देशी रायफल किंवा पूर्वी येऊन गेलेल्या ब्रनो, बी.एस.ए., अंशुट्झ यांपैकी हातोहात आलेली एखादी, हाच आधार राहिला. शिशाच्या मऊ गोळीने नळी फारशी झिजत नाही, त्यामुळे नीट सांभाळलेली पन्नास वर्षांची रायफलही उत्तम चालते. मात्र नळीच्या तोंडाची कड आणि काडतूस बसते त्या घराची कड जाणकाराकडून तपासून घ्यावी. जुन्या रिमफायर रायफलीचा चाप काडतुसावाचून वारंवार ओढला, तर सुई थेट घराच्या कडेवर आदळून तेथे खड्डा पडतो आणि पुढे काडतूस अडकू लागते. वरून लखलखीत दिसणाऱ्या रायफलीत हा दोष लपलेला असतो.

आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी म्हणजे क्लब आधी, रायफल नंतर. आपल्या भागात मैदाने रिकामी दिसतात, म्हणून कोणास वाटेल की संत्र्याच्या बागेतच सराव करावा. या चिमुकल्या काडतुसाची गोळी अडली नाही, तर दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो विचार आपोआप मावळतो. मागे मातीचा भक्कम बांध आणि समोर शिस्त असल्यावाचून ही रायफल चालवूच नये. कायद्यानेही परवाना क्लबाच्या सभासदत्वाशी बांधला आहे, आणि एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तो मिळत नाही. त्याआधी मान्य संस्थेत, देखरेखीखाली शिकता येते. दहा मीटरच्या हवाई रायफलीने सुरुवात करणे हा तर राजमार्ग होय.

हा मार्ग मराठी मुलामुलींनी कसा चालून दाखविला, ते ताजे आहे. अंजली भागवत मुंबईत एन.सी.सी.तून या खेळाकडे वळल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हवाई रायफलीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे याच .२२ रायफलीने, जागतिक विजेतेपद मिळविले. २०२४ च्या १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या प्रकारात भारतास मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून झालेल्या मालिकांपर्यंत ते मागे होते. उभ्याने, म्हणजे सर्वांत अवघड स्थितीत, ते वर आले. त्यांच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात उतरल्या होत्या.

आम्हांस विशेष समाधान वाटते ते आणखी एका घटनेचे. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत याच प्रकारात भारतीय संघाने १७६९ गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळविले. त्या तिघांत कोल्हापूरचे कुसळे होते, अखिल श्योराण होते, आणि आपल्या मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्याचे, भोपाळच्या अकादमीत घडलेले ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होते. १९५६ मध्ये सीमा आखली गेली, नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. आपण कोणाचे, हा प्रश्न आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला आहे. त्या संघास तो पडला नसावा.

पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते. कोणता दगड कोणाचा, हे तेथे कोणास सांगता येत नाही, आणि जखमी झालेल्याचा जबाबदार कधी सापडत नाही. नेमबाजाची प्रत्येक गोळी मात्र त्याच्या नावावर मोजली जाते. कागदावरचे छिद्र त्याचेच, चुकलेलेही त्याचेच. मराठीत नेम म्हणजे लक्ष्यावर लावलेली दृष्टी, आणि नेम म्हणजे न चुकता पाळावयाचे व्रतही. आमच्या पिढीने बंदूक पाहिली, पण हे दोन्ही नेम आम्हांस घडले नाहीत.

नातीस आम्ही काय सांगितले, ते आता सांगून टाकतो. तिला एकवीस पूर्ण होण्यास अजून अवकाश आहे. तोवर तिने नागपुरास क्लबात जावे, तेथील रायफली हाताळाव्यात, आपला खांदा, मान आणि हात काय मागतात ते ओळखावे, आणि प्रत्येक सरावाची वही ठेवावी. एकवीस पूर्ण झाल्यावर त्या वहीवरून रायफल ठरवावी. दुकानदाराच्या किंवा आजोबांच्या सांगण्यावरून नव्हे. अर्जातील प्रयोजनाच्या रकान्यात काय लिहावयाचे, तेवढे मात्र आम्ही तिला सांगू, आणि कोणी संरक्षणाविषयी विचारले तर काय उत्तर द्यावयाचे, तेही. ते उत्तर आम्हांस एका शिक्षकाने शिकविले आहे.

ती रायफल घरी आली तर खुंटीवर चढणार नाही. बोल्ट काढून, कुलपात, काडतुसांपासून वेगळी राहील. पाहुण्यांस ती दिसणार नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुन्या बंदुकांची परवाना-पुस्तके, ठाण्यातील जमेच्या पावत्या किंवा मालगुजारीच्या काळातील असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. बंदुका गेल्या, ते ठीकच झाले. पण त्या आपल्या घरांत कशासाठी होत्या, हे सांगणारे आता तेवढेच उरले आहे. आमच्या वडिलांचे परवाना-पुस्तक आम्ही जपून ठेवले आहे. त्यात प्रयोजनाच्या रकान्यात ‘संरक्षण’ असे लिहिलेले आहे. नातीने क्लबातून पाठविलेला पहिला लक्ष्यकागद आम्ही त्याच पुस्तकात ठेवला. दहा छिद्रांपैकी चार काळ्या वर्तुळाबाहेर आहेत. दहाही कोठे गेल्या, हे मात्र तिला ठाऊक आहे.